बारा गप्प पिल्लं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हिशेब, मग खुशाली. कोंबडीची बारा पिल्लं आणली. पिल्लं तशी फुकटच. उबवणीवाल्याच्या पंख्याच्या जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून दिली, त्या बदल्यात त्यानं ती दिली. वरखर्च तेवढा ऐक. दुकानात ज्या लाकडी खोक्यात मी तांब्याची तार ठेवायचो ते खोकं गेलं. तुझ्या भावजयीच्या चहाच्या सेटमधल्या दोन बश्या दाणापाण्यासाठी गेल्या, त्यामुळे तो सेट आता पाहुण्यांसमोर काढता येत नाही. जाळी ठोकताना डाव्या अंगठ्याचं नख गेलं. आणि शेजारच्या शिंप्याची खिडकी आमच्या परसाकडे उघडते, त्याच्याशी इतकी वर्षं चाललेलं रोजचं सकाळचं बोलणं गेलं. कलकलाटानं शिवण चुकते म्हणे. कसला कलकलाट, ते त्याचं त्यालाच ठाऊक. एवढं सगळं जाऊन परसात आले काय, तर लिंबाएवढे बारा पिवळे गोळे.

तू म्हणशील, याला आता हे कुठून सुचलं. अगं, चिरंजीवांनी मला विश्रांती दिल्यापासून मी घरातलं भिंतीवरचं घड्याळ दोनदा उघडलं, मिक्सर एकदा उघडला, आणि शिलाई मशीन उघडायला बसलो तेव्हा तुझ्या भावजयीनं मला हाताला धरून परसात आणून सोडलं. बसवतच नाही ग. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानातली फरशी पुसता पुसता मोटार गुंडाळायला शिकलो. स्वतःचं दुकान काढलं. टेस्टिंगच्या टेबलापाशी माझं एक उंच स्टूल. दुरुस्त झालेली कुठलीही मोटार आधी माझ्यापुढे यायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. मी मान हलवली की मोटार गिऱ्हाइकाकडे जायची. त्या स्टुलाची जागा आता मोकळी आहे, आणि मी इथं बश्या विसळतोय. चिरंजीव म्हणतो, बाबा, आता आराम करा. मी त्याला सांगून ठेवलंय की ही पिल्लं मार्गी लावतो आणि एक मार्चला येऊन स्टुलावर बसतो. तो काही बोलला नाही, म्हणजे कबूलच आहे.

पिल्लांची निवड मात्र ऐकण्यासारखी आहे. उबवणीवाला म्हणाला, नर-मादी वेगळं करून मिळणार नाही, खोक्यात हात घाला आणि येईल ते घ्या. मी म्हटलं, बाबा रे, ज्यानं जन्मभर बेअरिंगचा आजार आवाजावरून ओळखला त्याला पिल्लांचं काय सांगतोस. एकेक उचलून कानाशी धरलं. कर्कश ओरडेल तो नर, गप्प राहील ती मादी. नशीब असं की पहिली उचललेली बाराच्या बारा गप्प निघाली, एकही परत टाकावं लागलं नाही. उबवणीवाला तोंडात बोट घालून बघत होता. बाराही माद्या, लिहून ठेव. पहिली बारा अंडी भुशात बांधून तुझ्याकडे येतील.

आणि गुणी तरी किती! खोक्यावर दिवा टांगलाय, त्याखाली बसतात. चोची उघडतात, मिटतात, पण चू नाही की चा नाही. मी शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतो.

फोन न करता पत्र का, तर तुझ्याकडची लाइन बिघडली आहे. तू हल्ली तोंडात कापूस धरून बोलल्यासारखी बोलतेस. तक्रार कर.

लोभ आहे तसाच ठेव. वाढवायचा असेल तर कोंबड्यांसाठी वाढव.

तुझा,
खटपट्या

---

९ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून मोटारीच्या तारेसारखंच गुंडाळलेलं आहे, चष्मा पुसून दोनदा वाचलं.

आधी माझा अपमान निस्तरू. आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून मी लोकांना नंबर जोडून दिले. वादळात, संपात, लाइनीत खरखर असताना जोडून दिले. मला कुणी पुटपुटते म्हणालं नाही. माझ्या फोनची लाइन ठणठणीत आहे. खालच्या मजल्यावरची बाई माझ्याच फोनवरून रोज तिच्या मुलीशी बोलते. तेव्हा बिघाड कुठल्या टोकाला आहे, ते जरा शांतपणे शोध. शोधणं हा तुझाच धंदा आहे.

आता पिल्लं. लग्नानंतर आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत मी कोंबड्या पाळल्या होत्या, आठवतं का? तू सुट्टीत येऊन खुराड्याची कडी मोडून गेला होतास. म्हणून सांगते, गप्प पिल्लू असं काही नसतंच. ऊब नीट मिळाली, पोट भरलं की ती आपसात हळू कुजबुजतात. थंडी वाजली, तहान लागली, एखादं कळपातून चुकलं, की नुसता आकांत करतात. उंच, बारीक, सुई टोचल्यासारखा आवाज. तुझी बारा पिल्लं चोची उघडतात आणि चू करत नाहीत, हे मला काही केल्या पटत नाही.

कानावर जाऊ नकोस, डोळ्यांनी बघ. सगळी दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून बसली असली तर त्यांना थंडी वाजतेय, दिवा खाली घे. दिव्यापासून लांब कडेला पळाली तर उकडतंय, वर घे. सगळीकडे विखरून बसली तर ठीक. पाण्याच्या बशीत गोट्या टाक, नाहीतर बुडून मरतील. शेपटीखाली घाण चिकटली तर कोमट पाण्यानं पुसून काढ, नाक मुरडू नकोस. आणि माझी भावजय काय म्हणते? तू तिच्याबद्दल बश्यांपलीकडे काही लिहिलं नाहीस.

शिंप्याशी उगाच अबोला धरू नकोस. तो जे ऐकतोय ते एकदा विचार.

माया आहे, ती मागून वाढत नाही. तरी मागत जा.

तुझी,
ताई

---

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक पिल्लू गेलं.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी. सकाळी खोकं उघडलं तर सगळी एकावर एक चढून बसलेली आणि तळाशी एक चपटं झालेलं. अगदी तू लिहिलंस तशी. दिवा मी वर बांधला होता. मोठा बल्ब कशाला, वीज कशाला जाळायची, म्हणून बारीक लावला होता. मेलेलं पिल्लू हातात घेतलं तर काही वजनच लागेना. मी आयुष्यात शंभर किलोची मोटार एकट्यानं उलटी केली आहे, पण ते हातातून खाली ठेववेना.

तुझ्या भावजयीनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही, पत्र जाड होईल. सार एवढंच, की ती पिल्लं आदल्या संध्याकाळभर जीव तोडून ओरडत होती. तिनं स्वयंपाकघरातून मला दोनदा हाका मारल्या की बघा त्यांना काय होतंय, आणि मी शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. आता ताई, मी खोक्यापासून हातभर अंतरावर होतो. ओरडत असती तर मला ऐकू आलं नसतं का? आणि तिच्या हाकाही मी ऐकल्या नाहीत. ती हल्ली आतल्या आत हाक मारते. मी तसं म्हणालो तर ती उठून पिल्लांना दाणा घालायला गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आता मोठा बल्ब लावला आहे, गोट्या टाकल्या आहेत, अकराही विखरून बसतात. मी मात्र एका जागी बसत नाही. खुराडं एकदा बांधलं, मोडलं, दार दुसऱ्या बाजूला घेतलं, परत मोडलं. तुझी भावजय म्हणते, कोंबड्या म्हाताऱ्या होतील पण तुमचं खुराडं होणार नाही.

त्यातच काल न राहवून दुकानात गेलो. ताई, माझ्या स्टुलावर रद्दीचा गठ्ठा ठेवलाय! टेबलावर एक नवीन यंत्र, मोटारीला चिकटवलं की काट्यावर हादरे दाखवतं. चिरंजीव म्हणाला, गिऱ्हाइकांना आकडा लागतो. मी म्हटलं, गिऱ्हाइकांना माझी मान लागायची. तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंगच्या बाई आहेत ना, आमच्याकडे सर्वांत जुन्या, त्यांनी खाली मान घालून काम चालू ठेवलं. एरवी मला बघून दोन टोमणे मारल्याशिवाय राहत नाहीत. हे गप्प बसणं मला आवडलं नाही.

एक तारखेला मी जाणार आणि रद्दी उचलून स्टुलावर बसणार. बघतोच कोण उठवतं ते.

लोभ असू दे, उपदेश कमी असला तरी चालेल.

तुझा,
खटपट्या

---

१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, मी कधी पत्र लिहीत नाही म्हणून तू दचकशील. सगळे बरे आहेत. आई खोलीत असताना फोनवर हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

बाबा तीन दिवसांपूर्वी दुकानात येऊन गेले. एक तारखेला स्टुलावर बसायला येणार आहेत. मी त्यांना बसू देऊ शकत नाही, आणि का ते सांगूही शकत नाही.

त्यांना काही बारीक आवाज ऐकू येत नाहीत. जाड आवाज येतात, घुमणारे, खडखडणारे. बेअरिंग सुकलं की जो किंचाळल्यासारखा बारीक आवाज येतो, तो येत नाही. आधी दोन पंप परत आले, मी म्हटलं माल खराब असेल. मग बेकरीवाल्याचं पीठ मळायचं यंत्र. बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावला, मान हलवली, सतार लागलीय म्हणाले. दुकानातल्या सगळ्यांना ती किंचाळी ऐकू येत होती. वाइंडिंगच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. कुणी बोललं नाही. मालक मान हलवतायत म्हटल्यावर कोण बोलणार? बेकरीत ती मोटार जाम झाली आणि पेटली. बेकरीवाल्यानं हातानं पट्टा ओढून काढला, त्याचा तळवा भाजला. त्या दिवसापासून मी बाबांना आराम करा म्हणतोय. बेकरीवाल्याला सांगितलं की चूक माझी. बाबांना त्याच्या हाताचं माहीतच नाही.

मला काम त्यांनी शिकवलं. माझा हात धरून स्क्रूड्रायव्हर माझ्या कानामागे लावला होता, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. त्या माणसाला कामगारांसमोर उभं राहून सांगू का, की बाबा, तुमचे कान गेले? आणि नाही सांगितलं तर उद्या आणखी कुणाचा हात भाजेल.

ते तुझं ऐकतात. म्हणजे ऐकत नाहीत, पण तुला घाबरतात. एक तारखेच्या आत काहीतरी कर.

तुझा आशीर्वाद हवाच आहे, पण आत्ता अक्कल जास्त हवी आहे.

तुझा भाचा

---

२१ फेब्रुवारी

चि. भाचेबुवांस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला. बापाला विश्रांती नावाची खोटी गोळी दिलीस, आणि ती त्याच्या अंगी लागत नाही म्हणून आता मला बोलावतोस. पण बेकरीवाल्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस, म्हणून निम्मा राग सोडला.

मला हे त्याच्या पिल्लांवरून आधीच कळलं होतं. मी त्याला सांगणार नाही, तूही सांगायचं नाहीस. कानांवर जगलेल्या माणसाला दुसऱ्यानं हे सांगू नये. त्याला मी एक टेस्टिंग देते. टेस्टिंग म्हटलं की तो नाही म्हणणार नाही.

तू एवढंच कर. त्या स्टुलावरची रद्दी उचल.

आत्या

---

२१ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अ. उ. आ.

पिल्लाचं वाचून वाईट वाटलं. माझीही पहिल्या खेपेला मेली होती, मी तेव्हा कुणाला कळवलं नाही. तू कळवलंस, तेवढा तू माझ्यापेक्षा बरा.

आता एक काम सांगते. पिल्लं ओरडली की नाही, यावरून तुझं आणि माझ्या भावजयीचं बिनसलं आहे. तुम्ही दोघंही ज्याचं त्याचं खरं म्हणत बसाल आणि अंडी यायच्या आत घर मोडेल. टेलिफोन खात्यात आम्ही कानांबद्दल वाद घालत नव्हतो. दर वर्षी आम्हाला कानाला हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसवायचे. आवाज आला की बोट वर करायचं, थांबला की खाली. वाद मिटला. माझ्या टेबलाशेजारी एक मैत्रीण बसायची. ती डोळा किलकिला करून माझं बोट बघायची आणि आपलं वर करायची. दोन वर्षं निभावलं. मग एकदा तिनं आगीचा कॉल ऐकलाच नाही. पुढचं लिहीत नाही.

तुम्ही तसंच करा. एक पिल्लू उचलून परसाच्या दुसऱ्या टोकाला टोपलीखाली ठेव. एकटं पडलं की ते बाकीच्यांना हाका मारतं. तुम्ही दोघं त्याच्याकडे पाठ करून खुर्च्यांवर बसा, डोळे मिटा, ऐकू आलं की बोट वर. शिंप्यालाही खिडकीत बसवा, पंच म्हणून. निकाल मला कळव. भावजय खोटी ठरली तर मी तिची समजूत काढीन.

एक तारखेच्या आत कर. कामाआधी टेस्टिंग, हा तुझाच नियम.

लोभ तर आहेच, तो पारखून घ्यायला बोट वर करावं लागत नाही.

तुझी,
ताई

---

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू फार हुशार आहेस असं तुला वाटतं. वाटू दे.

केली टेस्टिंग. उद्या दुकानात जायचं म्हणून मी सकाळीच दाढी करून बसलो होतो. म्हटलं, जाण्याआधी बायकोचं तोंड बंद करून जाऊ. सगळ्यांत टपोरं पिल्लू निवडून टोपलीखाली ठेवलं. दोन खुर्च्या मांडल्या. शिंपी खिडकीत आला, त्याला म्हटलं, अबोला नंतर चालू ठेव, आधी पंच हो. डोळे मिटले. मस्त ऊन होतं. शिंप्याच्या मशीनचा थांबताना होतो तसा एक खडका आला, रस्त्यावरून टेम्पो गेला, नळ गळत होता. पिल्लू गप्प. मनात म्हटलं, बघ, किती गुणी.

बराच वेळ झाला. मग मला राहवेना. मी एक डोळा किलकिला केला. तुझ्या भावजयीचं बोट वर होतं. खाली येतच नव्हतं. खिडकीत बघितलं, शिंप्याचंही बोट वर. दोघांचे डोळे मिटलेले, म्हणजे त्यांनी ठरवून केलं असंही म्हणता येईना.

आणि ताई, माझं बोट वर गेलं.

कुणी सांगितलं नाही, मी ठरवलं नाही, आपोआप गेलं. तिचं बघून. वर गेलेलं बोट मी बघत बसलो आणि तुझी ती मैत्रीण आठवली. आणि मग एकेक आठवायला लागलं. हल्ली किती दिवस मी मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावला की डोळे पुरते मिटत नव्हतो. चिरंजीवाच्या चेहऱ्याकडे बघून मान हलवत होतो. तो गप्प असला की मी समजायचो मोटार ठीक आहे. तो का गप्प असायचा, हे मी कधी विचारलं नाही.

उठलो, आतून स्क्रूड्रायव्हर आणला. टोक पिल्लांच्या खोक्याच्या फळीला लावलं, मूठ कानामागे. पायांची खरखर आली. चोची आपटल्याची टकटक आली. तोंडाचा आवाज नाही. दहा पिल्लं माझ्याकडे बघून चोची उघडत होती, जशी आल्या दिवसापासून उघडत होती.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. मोठ्या मोटारीला तीन फेज लागतात. त्यातली एक उडाली तर मोटार लगेच बंद पडत नाही. घुमत राहते, आतून तापत जाते, आणि मालकाला वाटतं काम चालू आहे. मी जन्मभर लोकांना हे समजावून सांगितलं.

तुझी भावजय खोटी ठरली नाही. तिची समजूत काढायची गरज नाही. माझीही काढू नकोस. मी दुपारी बेकरीत गेलो. स्टुलाची आठवण आली की मीच तपासून तिथं पाठवलेल्या पीठ मळायच्या यंत्राचीच आठवण यायची, का ते मला कळत नव्हतं. बेकरीवाल्यानं उजवा हात पाठीमागे घेतला. मी म्हटलं, दाखव. त्यानं दाखवला. चिरंजीवानं चूक आपल्या अंगावर घेतली होती हे त्यानंच सांगितलं. मग म्हटलं, मान मी हलवली होती.

उद्या दुकानात जात नाही. घरात बसवत नाही, परसात बसवत नाही. खुराड्याचं दार चौथ्यांदा काढलंय.

लोभाचं काय ते तू ठरव.

तुझा,
खटपट्या

---

५ मार्च

चि. खटपट्यास अ. उ. आ.

लोभाचं ठरलेलं आहे, तू जन्मलास त्या दिवशी ठरलं. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या त्या मैत्रिणीला कानाचं यंत्र लावून दिलं आणि खात्यात दुसऱ्या कामावर घेतलं. नवीन मुलींना शिकवायची. फार छळायची त्यांना. निवृत्त होईपर्यंत टिकली.

कानाच्या डॉक्टरकडे जा. भावजयीला बरोबर ने, डॉक्टर काय म्हणतो ते ऐकायला कुणीतरी हवं. आणि दार एकदाचं लाव, मांजर वाट बघत असेल.

तुझी,
ताई

---

११ मे

खटपट्या, नुसतं कार्ड पाठवते. एप्रिलमधल्या पत्रात विचारलं होतं, तू उत्तर गिळलंस. पिल्लांच्या कोंबड्या व्हायला आल्या असतील. माझी बारा अंडी अजून किती दूर आहेत? भुसा मिळत नसेल तर सांग, मी पाठवते. भावजयीला आशीर्वाद, तुला एक कमी.

ताई

---

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र बसवलं. दोन्ही कानांत. दिसायला वालाच्या दाण्याएवढं, नखरे मोठे. पहिल्या दिवशी चपलांचा आवाज ऐकून मागे वळून बघितलं, तर मीच होतो. पेपर उलटायला इतका आवाज होतो हे मी विसरलो होतो. तुझी भावजय भांडी घासताना माझ्याविषयी काय काय बोलते ते आता सगळं कळतं. म्हणून बंद करायचं बटण कुठलं, ते डॉक्टरला आधी विचारून घेतलं.

मग दुकानात गेलो. स्टूल मोकळं होतं. पुसलेलं होतं. चिरंजीव उठून उभा राहिला, कामगार थांबले. मी बसलो. टेबलावर एक पंपाची मोटार होती, तिला स्क्रूड्रायव्हर लावला. ताई, यंत्रातून सगळ्याच मोटारी आजारी वाटतात. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. दुसरी लावली, तिसरी लावली, तेच. चांगली कुठली आणि वाईट कुठली, मला काही सांगता येईना. चिरंजीवाच्या चेहऱ्याकडे बघावंसं वाटलं. नाही बघितलं. उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बेकरीवाल्याची मोटार मी पास केली होती, माझे कान गेले आहेत, आणि यापुढे माझी मान हललेली दिसली तर मोटार परत तपासायची. चिरंजीव ड्रॉवर उघडून काहीतरी शोधत राहिला. त्या ड्रॉवरमध्ये काहीच नसतं, मला ठाऊक आहे.

वाइंडिंगच्या बाईंना म्हटलं, बसा. त्या म्हणाल्या, मालक, माझे गुडघे दुखतात, एवढ्या उंच स्टुलावर चढवू नका. म्हटलं, दुसऱ्याच्या गुडघ्यांची काळजी मला नाही, चढा. चढल्या. आता त्या ऐकतात आणि मला सांगतात कसं वाटलं. चाळणी हलवल्यासारखं म्हणाल्या की मी सांगतो, बेअरिंग सुकलंय. कुणीतरी दात खातंय म्हणाल्या की सांगतो, आतला फिरता भाग कुठंतरी घासतोय. दोन दिवसांत पकड आली. तिसऱ्या दिवशी माझ्याआधी निदान सांगून मोकळ्या झाल्या, आणि वर टोमणाही मारला की मालकांना अजून पुसायला फरशी आहे. त्यांनी टोमणा मारला तेव्हा बरं वाटलं. काट्याचं यंत्रही ठेवलंय, दोन्ही जुळलं तरच मोटार जाते.

चिरंजीव म्हणतो, तुमच्यासाठी दुसरं स्टूल आणतो. म्हटलं, नको, बसलं की मला विश्रांती आठवते. मी उभा राहतो, येरझाऱ्या घालतो, लोकांच्या कामात नाक खुपसतो. वैताग येतो म्हणतात. येऊ दे.

शिंपी पुन्हा बोलायला लागलाय. मात्र खिडकी बंद ठेवतो, आणि त्याचं कारण तुझ्या कार्डाशी जोडलेलं आहे. तू दोनदा अंड्यांचं विचारलंस, दोन्ही वेळा मी उत्तर टाळलं. कानाशी धरून पारखलेली बारा गप्प पिल्लं, बाराही माद्या, लिहून ठेव म्हणालो होतो. तू लिहून ठेवलं नसलंस तर उपकार होतील. यंत्र लावल्यापासून पहाटे मीही ऐकतो.

भुसा पाठवू नकोस. लोभ मात्र पाठव, टपालखर्च माझा.

तुझा,
खटपट्या

ता. क. अकरापैकी सात कोंबडे आहेत.